हानि एकाची, भरपाई दुसऱ्यास

एकाचें घर मोडून दुसऱ्यास घर बांधून दिलें, तर पहिल्याचें ऋण फिटलें काय? असा प्रश्न कोणी विचारिला, तर ज्यास अक्षरओळख नाहीं असा शेतकरीही तत्काळ "नाहीं" म्हणून उत्तर देईल. न्यायाची ही समज प्रत्येकाच्या अंतःकरणांत उपजतच आहे. परंतु हाच प्रश्न नदी, धरण आणि रानांतले जीव यांच्यासंबंधानें निघाला, म्हणजे शहाणीं माणसेंही गोंधळांत पडतात. गोदावरीच्या किंवा भीमेच्या कांठीं राहणाऱ्या वाचकांनीं हें बोलणें पुष्कळदां ऐकिलें असेल कीं, "धरणानें नदी बुडाली खरी, पण पाहा, केवढें पाणी झालें, आणि देशोदेशींचे पक्षी त्यावर उतरूं लागले. मग नुकसान तें कोणतें? जमाखर्च बरोबर झाला." हा जमाखर्च खरोखर बरोबर झाला आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रारंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. धरणें बांधूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. दख्खनचा पठारी मुलूख पावसाच्या लहरीवर जगणारा आहे. सन १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें या मुलखाची काय दशा केली, तें इतिहासांत लिहिलेलें आहे. आणि १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनीं अंगावर काढला, खडी फोडून ज्यांनीं दिवस कंठिले, अशीं वडील माणसें आपल्यामध्यें अजून आहेत. पैठण येथील जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लाल बहादुर शास्त्री यांच्या हस्तें बसली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्या पाण्यानें मराठवाड्यांतील शेतें भिजलीं व शहरांची तहान भागली. तहानलेल्यास पाणी देणें हें सत्कर्म होय, हें कोण नाकारील? तेव्हां धरण चांगलें कीं वाईट, हा आपला प्रश्न नव्हे. चांगल्या कामासाठीं कां होईना, पण दुसऱ्याचें घेतलें असतां घेणाऱ्यावर काय ऋण राहतें, व तें कोणत्या रीतीनें फिटतें, हा आपला प्रश्न आहे.

ऋण किती हें समजण्यासाठीं आधीं काय घेतलें हें पाहिलें पाहिजे. वाहती नदी म्हणजे नुसतें पाणी नव्हे. तिच्यांत खोल डोह असतात. खडकांवरून खळखळणारी उथळ धार असते. उन्हाळ्यांत मधून मधून वाळू उघडी पडते. कांठास मळईची जमीन, लव्हाळ्यांचीं बेटें, करंज व जांभूळ यांची दाटी असते. आणि पूर ओसरल्यावर मागें राहणारीं पाणथळ डबकीं असतात. यांपैकीं प्रत्येक ठिकाणीं निराळे जीव राहतात. महसीर मासा वाहत्या, स्वच्छ पाण्यांत वाढतो, आणि पावसाळ्यांत अंडीं घालण्यास प्रवाहाच्या उलट वर चढतो. नदी-सुरय नांवाचा पिवळ्या चोंचीचा पक्षी मार्चपासून मेपर्यंत नदींतील उघड्या वाळूवर नुसता एक खळगा करून त्यांत अंडीं घालतो. पाणमांजर कांठच्या बिळांत आपलीं पिलें वाढवितें. धरण झालें म्हणजे डोह, धार, वाळू आणि मळई हीं सर्व एका सपाट, स्थिर पाण्याखालीं जातात. पाणी वाढलें, परंतु नदी गेली.

शिवाय हें नुकसान बुडालेल्या जागेपुरतेंच राहत नाहीं. भिंतीच्या वर गाळ व वाळू अडते, म्हणून खालच्या नदीस वाळू मिळत नाहीं. पूर अडतो, म्हणून खालचीं पाणथळ डबकीं भरत नाहींत. आणि खालचा मासा वर चढूं शकत नाहीं. ह्याच आपल्या गोदावरीच्या मुखाकडे, आंध्र देशांत, समुद्रांतून नदींत अंडीं घालण्यास येणारा हिलसा मासा आहे. तेथील लोक त्यास पुलसा म्हणतात. तेथें आर्थर कॉटन या इंजिनियरानें बांधिलेला धवळेश्वरम येथील बंधारा १८५२ सालीं पुरा झाला. त्यानें तो प्रांत दुष्काळांतून वर काढिला, आणि तेथील शेतकरी कॉटनचें नांव आजही आदरानें घेतात. पण पुलशाची वाट त्याच भिंतीशीं अडली. एका भिंतीनें एकाचें भलें केलें व दुसऱ्याचा रस्ता बंद केला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि खरें बोलूं इच्छिणाऱ्यानें दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आतां जमेची बाजू पाहूं, कारण तीही लहान नाहीं. पैठणच्या धरणानें जो नाथसागर झाला तो सुमारें ५५ किलोमीटर लांब व कोठें कोठें २७ किलोमीटरपर्यंत रुंद आहे. १९८६ सालीं तेथें पक्षी-अभयारण्य झालें; त्याचें क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर आहे. हिवाळ्यांत उत्तरेकडील थंड देशांतून बदकें, चक्रवाक व पट्टकादंब हंस तेथें उतरतात. लांब पायांचे गुलाबी रोहित पक्षीही येतात. याच नदीवर बरेंच वर, नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर म्हणून ठिकाण आहे. तेथें ब्रिटिश अमदानींत, विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत, कालव्यांसाठीं एक बंधारा बांधिला. आज तें महाराष्ट्रांतील नामांकित पक्षिस्थान आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं १९७१ सालीं इराणांतील रामसर गांवीं राष्ट्रांमध्यें जो करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव गेलें तें ह्याच जागेचें. तें जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें.

हें पाहून कोणी म्हणेल, "मग आणखी काय पाहिजे? माणसानें कालव्यासाठीं बंधारा बांधिला, आणि पक्ष्यांस तळें फुकट मिळालें." परंतु हें तळें पक्ष्यांस कां आवडलें, तें लक्षांत घ्यावें. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बुटका आहे. वर्षानुवर्षें त्याच्या मागें गाळ सांचला, पाणी उथळ झालें, मधून मधून बेटें वर आलीं, त्यांवर गवत व लव्हाळे उगवले. उथळ पाण्याच्या चिखलांत किडे, शंख, कंद व बीं असतें, आणि तेंच बहुतेक पाणपक्ष्यांचें अन्न होय. उंच धरणाच्या मध्यभागीं, जेथें पाणी शेकडों फूट खोल, तेथें चिखलांत चोंच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यास तळ लागत नाहीं. नाथसागरांतही जेथें कांठ उतरता व उथळ आहे, तेथेंच पक्ष्यांची गर्दी होते. इंजिनियराच्या वहींत जो गाळ तोट्याच्या रकान्यांत लिहिला जातो, तोच पक्ष्यांचा ताटांतला घांस आहे. यावरून दिसून येतें कीं, पक्षी आले ते आपण त्यांची आठवण ठेविली म्हणून नव्हे. आपल्या न कळत जें उथळ राहिलें, त्यावर ते आले. न ठरवितां झालेलें दान हें दान खरें, पण त्याचें श्रेय घेऊन त्यावर दुसऱ्याचें कर्ज वळतें करणें योग्य नाहीं.

ह्या जमाखर्चांतील मुख्य चूक अशी आहे कीं, ज्याचें गेलें त्यास मिळालें नाहीं, आणि ज्यास मिळालें त्याचें गेलें नव्हतें. वाळूवर घरटें करणाऱ्या सुरयाची वाळू गेली; खोल पाण्यांत पोहणाऱ्या बदकास तळें मिळालें. महसिराची धार गेली. स्थिर पाण्यांत वाढणाऱ्या, बीं आणून सोडलेल्या माशांस घर मिळालें. मोजणाऱ्यानें पक्ष्यांच्या जाती मोजल्या व "पूर्वींपेक्षां अधिक झाल्या" म्हणून समाधान मानिलें. परंतु सावकाराचे शंभर रुपये घेऊन शेजाऱ्यास दोनशें रुपये दान दिले, तर दान मोठें झालें, पण कर्ज तसेंच राहिलें.

पवित्र शास्त्रांत भरपाईचा जो नियम आहे, तो या ठिकाणीं फार उपयोगी आहे. निर्गमाच्या पुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, एकाचें जनावर दुसऱ्याच्या शेतांत शिरून चरलें, तर जनावराच्या धन्यानें आपल्या शेतांतील उत्तम पिकांतून भरपाई करावी. यांत तीन गोष्टी आहेत: भरपाई ज्याचें गेलें त्यासच द्यावयाची, जें गेलें त्याच प्रकारची द्यावयाची, आणि ती आपल्या उत्तमांतून द्यावयाची, टाकाऊ भागांतून नव्हे. उलट अहाब राजाची गोष्ट पाहा. त्यानें नाबोथाचा द्राक्षमळा मागतांना त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसा देऊं केला होता. बोली वाईट नव्हती. परंतु नाबोथास तो मळा म्हणजे केवळ जमीन नव्हती, तें वाडवडिलांचें वतन होतें. त्याला दुसरें मोल नव्हतें. ज्यांचीं गांवें पैठणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही धरणाखालीं गेलीं, त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. नाथसागरासाठीं शंभराहून अधिक गांवांस हानि सोसावी लागली. नव्या गांवठाणांत घरें मिळाल्यावरही जुन्या गांवची विहीर व पूर्वजांची माती आठवून वडील माणसें कां हळहळत, हें ज्यांनीं जवळून पाहिलें, त्यांस मुक्या जीवांचें दुःख इतरांपेक्षां अधिक समजलें पाहिजे. नाबोथ निदान "नाहीं" म्हणूं शकला. मुक्या जीवास तेवढेंही शक्य नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें न्याय पाहणें हें बोलतां येणाऱ्यांवर येऊन पडतें.

येथें कोणी विचारील, "पाणी चढण्यापूर्वीं त्या जीवांस उचलून दुसरीकडे नेलें तर?" असा प्रयत्न जगांत झालेला आहे. आफ्रिकेंत झांबेझी नदीवर करिबा नांवाचें प्रचंड धरण झालें व डिसेंबर १९५८ मध्यें पाणी अडूं लागलें. टेंकड्यांचीं बेटें झालीं, आणि त्यांवर जनावरें अडकलीं. तेव्हां रूपर्ट फॉदरगिल यांच्या पुढारपणाखालीं लोकांनीं होड्या घेऊन तीं जनावरें पकडून किनाऱ्यास आणिलीं. हें काम १९६४ पर्यंत चाललें. सुमारें सहा हजार प्राणी वांचले, आणि या कार्यास नोहाच्या तारवावरून नांव देण्यांत आलें. त्यांचें धैर्य स्तुत्य होतें. परंतु त्याच धरणासाठीं टोंगा जातीचे सुमारें ५७,००० लोक आपल्या नदीकांठच्या शेतांवरून उठविले गेले, आणि जनावरांच्या सुटकेचा जेवढा गाजावाजा झाला, तेवढी त्या लोकांची वास्तपुस्त झाली नाहीं. शिवाय नोहाच्या तारवांतील जीवांस पाणी ओसरल्यावर परत जमीन मिळाली. करिबाचें पाणी ओसरण्यासाठीं भरलेंच नव्हतें.

दुसरें उदाहरण आशिया खंडांतीलच आहे, आणि तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. थायलंडच्या दक्षिण भागांत चिओ लान येथें १९८६-८७ च्या सुमारास धरणाचें पाणी चढूं लागलें, व अरण्यांतील टेंकड्यांचीं शंभराहून अधिक बेटें झालीं. तेथें जनावरें वांचविण्याचें काम सूब नाखासथियन नांवाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे आलें. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं १,३६४ प्राणी पकडून हलविले. परंतु त्यांतील पुष्कळ मेले, आणि जे सांपडले नाहींत त्यांची गणतीच नव्हती. पुढें शास्त्रज्ञांनीं त्या बेटांवर पुन्हां पुन्हां जाऊन पाहिलें. सुमारें पंचवीस वर्षांत तेथील मूळचे लहान सस्तन प्राणी जवळजवळ नाहींसे झाले, व बाहेरून आलेल्या एका जातीच्या उंदरांनीं बेटें व्यापिलीं, असें त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. पण सूब यास हें समजण्यास पंचवीस वर्षें लागलीं नाहींत. सुटकेचें काम स्वतःच्या हातांनीं केल्यावर त्याची अशी खात्री झाली कीं, असें अरण्य एकदां बुडालें म्हणजे होड्यांनीं तें वांचवितां येत नाहीं. त्याच देशांत पश्चिमेकडे नाम चोन येथें दुसऱ्या धरणाची योजना होती. तिला विरोध करणाऱ्यांत तो उभा राहिला, व ती योजना १९८८ सालीं बाजूस ठेवण्यांत आली. तें अरण्य आजही उभें आहे. १९९१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश झाला. ज्यानें सुटकेचें काम सर्वांत जवळून पाहिलें, त्यानेंच तें पुरेसें नाहीं म्हणून साक्ष दिली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

"बरें, जीवांस पकडून नेऊं नका, त्यांच्यासाठीं दुसरीकडे नवी पाणथळ जागा करून द्या, मग ते आपोआप जातील," असाही एक विचार आहे. याची परीक्षा ब्रिटनांत वेल्स प्रांतीं झाली. कार्डिफ शहरापाशीं दोन नद्यांच्या मुखाशीं भरती-ओहोटीचा विस्तीर्ण चिखल होता, व हिवाळ्यांत तेथें लाल पायांचे टिलवे हजारों मैलांच्या वाटेवरील इतर पक्ष्यांसह चरत असत. १९९९ सालीं बांध पुरा होऊन तेथें गोड्या पाण्याचें सुमारें दोनशें हेक्टरांचें तळें झालें, आणि चिखल कायमचा बुडाला. भरपाई म्हणून कांहीं अंतरावर न्यूपोर्ट येथें नवें पाणथळ क्षेत्र करण्यांत आलें. तें २००० सालीं खुलें झालें. तें क्षेत्र सुंदर आहे, व तेथें पुष्कळ जीवांस आसरा मिळाला आहे. परंतु तेथें मुख्यतः लव्हाळे व ओलें गवताळ रान आहे. टिलव्यास हवा होता तो भरती-ओहोटीचा चिखल. पायांत कड्या घालून ओळखून ठेविलेल्या टिलव्यांवर शास्त्रज्ञांनीं लक्ष ठेविलें, तेव्हां असें दिसलें कीं, हुसकलेले पक्षी शेजारच्या दुसऱ्या मुखाकडे गेले, पहिल्याच हिवाळ्यांत त्यांचें वजन घटलें, आणि पूर्वीं शंभरांतील सुमारें ८५ पक्षी वर्षभर जगत, ते पुढें ७८ जगूं लागले. कारण शेजारची जागा रिकामी नव्हती. तेथें आधींच दुसरे पक्षी पोट भरीत होते. "जातील कोठें तरी" असें जें आपण सहज म्हणतों, त्याचा खरा अर्थ पुष्कळदां "मरतील आपल्या नजरेआड" असा असतो.

तर मग कांहींच करूं नये काय? तसें नव्हे. वरील उदाहरणांवरून कर्तव्याचा एक क्रम निघतो, आणि सर्व सार त्या क्रमांतच आहे. पहिलें कर्तव्य हानि टाळणें हें होय. दुसरें, जी टळत नाहीं ती कमी करणें. तिसरें, जेथें बिघडलें तेथेंच शक्य तेवढें सुधारणें. आणि हें सर्व करूनही जें उरेल, त्याचीच तेवढी भरपाई दुसऱ्या ठिकाणीं करणें, आणि तीही नुकसान होण्यापूर्वीं, त्याच प्रकारची, व पुढें राखली जाईल अशी करणें. माणसाची वाईट खोड अशी कीं, तो हा क्रम उलटा करितो. आधीं भरपाईचा आंकडा ठरवितो, आणि ती देऊं केली म्हणजे टाळण्याचा विचारही करण्याचें कारण उरलें नाहीं, असें समजतो. अशा वेळीं भरपाई ही प्रायश्चित्त न राहतां परवाना होऊन बसते. पैसे भरून पुढें पाप करण्याची मोकळीक मिळते, असें मानणाऱ्या मनुष्याविषयीं आपण काय म्हणूं? तोच न्याय येथेंही लागू आहे.

टाळणें अशक्य असतें, असें मात्र कोणी म्हणूं नये. केरळांत कुंतीपुळा नदीवर सायलेंट व्हॅली नांवाच्या खोऱ्यांत विजेसाठीं धरण व्हावयाचें होतें. तेथें सिंहपुच्छ वानर व पुरातन अरण्य आहे. पुष्कळ वाद झाल्यावर १९८३ सालीं तो बेत सोडण्यांत आला, आणि १९८४ सालीं तें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. आणि हा प्रश्न जुना झाला आहे, असेंही कोणी समजूं नये. २५ डिसेंबर २०२४ रोजीं मध्य प्रदेशांत केन व बेतवा या नद्या जोडण्याच्या कामाची कोनशिला बसली. त्यांतील दौधन धरणाच्या पाण्याखालीं पन्ना येथील व्याघ्र-अरण्याचा कांहीं भाग जावयाचा आहे. त्या अरण्यांतील वाघ २००९ पर्यंत समूळ नाहींसे झाले होते, व नंतर दुसरीकडून वाघ आणून मोठ्या कष्टानें तेथें त्यांचा वंश पुन्हां लाविला गेला. बुंदेलखंडाची तहान खरी आहे, आणि वाघाचें घरही खरें आहे. जेथें दोन खऱ्या गरजा समोरासमोर येतात, तेथेंच न्यायाची परीक्षा होते.

"माणूस मोठा कीं पांखरूं मोठें?" असा आक्षेप येथें येणारच. प्रभूनें आपल्या शिष्यांस चिमण्यांहून त्यांचें मोल अधिक आहे असें सांगितलें, हें खरें. पण त्याच बोलण्यांत एकही चिमणी देवाच्या विस्मरणांत नाहीं, असें त्यानें सांगितलें, हें विसरूं नये. अधिक मोल म्हणजे दुसऱ्याचें मोल शून्य, असा अर्थ होत नाहीं. अनुवादाच्या पुस्तकांत घरट्यावर बसलेली पक्षीण सांपडली तर पिलांबरोबर तिलाही नेऊं नये, तिला सोडून द्यावें, अशी आज्ञा आहे. भुकेल्या मनुष्यास अंडीं किंवा पिलें घेण्याची मोकळीक आहे. परंतु ज्यामुळें पुढचा वंश चालावयाचा, तें मूळच खुडण्याची मोकळीक नाहीं. धरणाच्या बाबतींतही हीच मर्यादा आहे. पाणी घ्यावें, पण नदीचें मूळ खुडूं नये. दुसरें असें कीं, माणूस विरुद्ध पांखरूं असा झगडा वास्तविक क्वचितच असतो. ज्या उथळ कांठावर बदक चरतें, त्याच कांठावर गरीब कोळी जाळें टाकतो. तेथेंच माशांचीं पिलें वाढतात. कांठ विषारी झाला, तर उपाशी दोघेही राहतात.

आतां आपल्या हातीं काय आहे, तें पाहूं. धरणाचीं दारें आपल्या हातीं नाहींत. परंतु धरणाच्या कांठीं राहणारे आपण पुष्कळ करूं शकतों. उन्हाळ्यांत पाणी ओसरून जीं बेटें व वाळू उघडी पडते, तेथें सुरयासारखे पक्षी अंडीं घालतात. मार्चपासून मेपर्यंत तेथें गुरें व कुत्रीं जाऊं न देणें, मुलांस अंडीं गोळा करूं न देणें, एवढें कोणत्याही गांवास करतां येईल. वरच्या धरणांतून अकस्मात् पाणी सोडल्यास तीं अंडीं वाहून जातात. म्हणून त्या महिन्यांत पाणी टप्प्याटप्प्यानें सोडावें, अशी विनंती पाटबंधारे खात्याकडे ग्रामसभेंतून जाऊं शकते. मिठाई रंगाच्या फुलांनीं मोह पाडणारी जलपर्णी उथळ पाणी झांकून टाकते व खालच्या जीवांस गुदमरविते. ती वाढण्याआधींच काढणें सोपें असतें. बारीक भोंकांच्या जाळ्यांत माशांचीं पिलें काढूं नयेत. कांठीं विलायती झाडांऐवजीं करंज, जांभूळ, उंबर हीं आपलीं झाडें लावावींत. कांठ धरून ठेवणें आणि पांखरांस फळ देणें, हीं दोन्ही कामें तीं करितात.

गाळपेराच्या जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पाणी मागें हटल्यावर जो सुपीक गाळ उघडा पडतो, त्यावर पीक घेणारे बहुधा ज्यांची मूळ जमीन धरणांत गेली असे गरीब लोक आहेत; आणि त्याच ओल्या गाळावर हिवाळी पक्ष्यांचें पोट आहे. पक्ष्यांसाठीं म्हणून त्या लोकांस हुसकणें म्हणजे ज्यानें एकदां सर्वस्व दिलें त्याच्याकडूनच पुन्हां कर्ज फेडून घेणें होय. हा अन्याय आहे, आणि तो पक्षिप्रेमाच्या नांवानें केला म्हणून न्याय होत नाहीं. परंतु पाण्यालगतची कांहीं हात रुंद पट्टी नांगराविना सोडावी, आणि गाळावर विषारी फवारणी करूं नये, एवढें मागणें अयोग्य नाहीं. कारण तेंच पाणी पुढें आपल्याच घागरींत येतें. आणि या पट्टीमुळें शेतकऱ्याचें जें उत्पन्न बुडेल, तें सर्वांच्या तिजोरींतून भरून मिळावें. ज्या धरणाचें पाणी दूरच्या शहरांस व कारखान्यांस जातें, त्यांनीं त्या ऋणाचा वांटा उचलणें हेंच न्यायाचें आहे.

कायद्याविषयीं एक गोष्ट सांगून पुरें करूं. २०१७ सालीं सरकारनें पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम केले, ते उपयोगी आहेत. परंतु त्यांतील व्याख्येंतून नदीचें पात्र वगळलें आहे, आणि केवळ सिंचनासाठीं बांधलेलें पाणीही वगळलें आहे. म्हणजे जी नदी गेली ती त्या व्याख्येंत नाहीं, व तिच्या जागीं जें पाणी आलें तेंही नाहीं. अभयारण्याचा कायदा जेथें लागू आहे तेथें निराळें; पण इतर शेंकडों धरणांच्या कांठीं रक्षण करणारा कोण? जवळ राहणारा मनुष्य, आणि त्याची सदसद्विवेकबुद्धि, हेच.

म्हणून गांवोगांवच्या उपदेशकांस व शिक्षकांस आमची विनंती आहे. मोठ्या धरणाच्या योजनेपूर्वीं जनसुनावणी घेण्याचा नियम २००६ सालापासूनच्या अधिसूचनेंत आहे. आपल्या भागांत अशी सुनावणी झाली, तर आपण तेथें जावें, आणि सौम्यपणें पण स्पष्टपणें तीन प्रश्न विचारावे. ह्या कामानें कोणाचें काय जाणार? जें भरून देणार म्हणतां, तें ज्याचें गेलें त्यासच पोहोंचणार काय? आणि तें पाणी चढण्यापूर्वीं देणार, कीं चढल्यानंतर? हे प्रश्न विचारण्यास मोठी विद्या लागत नाहीं. उत्तर न मिळाल्यास तेच प्रश्न पुन्हां विचारावे, व मिळालेलें उत्तर ग्रामसभेच्या वहींत लिहून ठेवावें, म्हणजे पुढें फेडीच्या वेळीं तें दाखवितां येईल.